गुरुजींनी पाठवलेली काडी

लिंथोस,
कापणीच्या महिन्यातली नववी

फिलिन्नाताई,

हे पत्र वाचून तू आधी ओरडशील, मग रडशील, मग दाजींवर ओरडशील. म्हणून सगळं एका दमात सांगून टाकतो. मी एवेनोर गुरुजींची शाळा सोडली. चार वर्षांतली दोन झाली, तेवढी पुरे. ऱ्होड्सच्या धक्क्यावरून ग्लाउकोच्या होडीत बसलो. तोच तो, स्पंज काढणारा, ज्याच्या शेजारी तू बाजारात उभी राहत नाहीस. दोन दिवसांत लिंथोसला उतरलो. तुला आधी सांगितलं असतं तर तू बाहेरून कडी घातली असतीस.

गुरुजी त्यांची बाजू सांगतीलच, आधी माझी ऐक. दोन वर्षं आम्ही मोजपट्टीच्या एकतारीवर नुसतं मोजतोय. तारेचा अर्धा, तारेचा तिसरा हिस्सा, तारेचा चौथा. एक गाणं नाही! त्या दिवशी मी मिर्तोसाठी एक चाल बसवत होतो, तर मागून येऊन म्हणतात, "दामिस, हा सूर आहे की कुणी बाईचे केस ओढतंय?" सगळे हसले. मी एकतारी उचलली आणि फरशीवर आपटली. दोन तुकडे झाले. तुकडे घेऊन गुरुजी बसले, मी चालू लागलो.

मिर्तो कोण ते तुला ठाऊक आहे. उगाच आठ्या घालू नकोस. गेल्या वर्षी सूर्यदेवाच्या उत्सवाला गावच्या यात्रेकरूंबरोबर येऊन आपल्या शेजारी चार दिवस उतरली होती ती. तिच्या गुडघ्यापर्यंतच्या केसांकडे बघत तूच म्हणाली होतीस, "एवढे धुवायला पाणी कोण भरतं गं?"

तर आता ऐक. मी उतरलो आणि तिसऱ्या दिवशी लिंथोस घ्यायला राजाची फौज आली. टेकडीवरून बघितली. बघितली म्हणजे काय, बघतच राहिलो. सकाळी पहिले भाले दिसले आणि दिवस मावळला तरी शेवटचे येतच होते. जमिनीकडची तिन्ही दारं आता बंद आहेत. समुद्र मात्र मोकळा आहे, राजाची जहाजं अजून कुठेतरी दूर आहेत, म्हणून हे पत्र तुझ्यापर्यंत येतंय.

पण ताई, फौजेचं मला काही वाटलं नसतं. मी मिर्तोला भेटलो. विहिरीवर. तिने डोक्यावरून शेला घट्ट ओढला होता. वाऱ्याने जरा सरकला, आणि खाली केस नव्हते. कापलेले! लग्न ठरलं की मुलगी आर्तेमिस देवीला केस वाहते, हे मला काय माहीत नाही? मी विचारलं, "कुणाशी?" ती म्हणाली, "काय कुणाशी?" मी म्हटलं, "केस कुणासाठी कापलेस?" तर ती खाली बघून म्हणते, "ते सांगता येत नाही." सांगता येत नाही!

मी सरळ तिच्या बापाच्या कारखान्यात गेलो. बातोस म्हातारा इथला यंत्रकार आहे, तटावरून दगड फेकायची यंत्रं बनवतो. त्याच्या तोंडावर सगळं बोललो. मुलीला विकतोस, म्हातारचळ लागलाय, देवी तुला बघून घेईल, सगळं. तो शांतपणे ऐकत राहिला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला, अर्धी भाकरी आणि कांदा पुढे केला आणि म्हणाला, "बरं बरं. उद्या सकाळी ये. मला माणसं हवीच आहेत."

ताई, म्हातारा ठार बहिरा आहे. माझ्या शिव्यांना तो कामाची विनवणी समजला.

आता मी काय करू? दुसऱ्याच्या होणाऱ्या बायकोच्या बापाकडे लाकडं तासू?

तुझा,
दामिस


ऱ्होड्स,
कापणीच्या महिन्यातली सतरावी

दामिस,

ओरडून झालं. रडून झालं. दाजींवर ओरडायला गेले तर ते म्हणाले, "मी काय केलं?" आणि खरंच त्यांनी काहीच केलं नव्हतं, म्हणून तेही राहिलं.

ग्लाउको म्हणतो, परत येतोस का विचारलं तर तू त्याच्या अंगावर धावून गेलास. नको येऊस. वेढा पडलेल्या गावातून पळून आलेला भाऊ मला इथे मिरवता येणार नाही. पण डोकं भिंतीच्या आत ठेव. बाहेर काढून बघायची तुझी खोड मला माहीत आहे.

आता तुझ्या अकलेबद्दल. लग्नाला देवीला वाहतात ती एक बट, बोटाभोवती गुंडाळता येईल एवढी. माझ्या वेळी आईने कापली तेव्हा तू शेजारी उभा राहून हसत होतास. अख्खं डोकं कोण कापतं? घरात कुणी गेलं तर. पण तिचा बाप तुला भाकरी देतोय, म्हणजे तो आहे. आई तिची लहानपणीच गेली. मग ती मुलगी कोणासाठी भुंडी झाली? एक बट की अख्खं डोकं, एवढं साधं बघायचं सोडून तू जगाला शिव्या घालत सुटलास!

आणि "सांगता येत नाही" असं जी म्हणते ती खोटं बोलत नसते. खोटं बोलायचं असतं तर तिने काहीतरी सांगितलं असतं.

जा, लाकडं तास. म्हाताऱ्याने कांदा दिला तर खा.

फिलिन्ना

एवेनोर गुरुजी बाजारात दिसले. मी मान खाली घातली. त्यांनी फक्त विचारलं, "जेवतो ना वेळेवर?"


लिंथोस,
कडक उन्हाच्या महिन्यातली चौथी

ताई,

अख्खं डोकं. तू म्हणालीस तेच. मी गाढव आहे, हे वाक्य जपून ठेव, पुन्हा लिहिणार नाही.

आता सगळ्या गावाला कळलंय म्हणून लिहितो. लिंथोसकडे एकच मोठं दगडफेकं यंत्र आहे, मधल्या दाराच्या बुरुजावर. घरापेक्षा उंच. त्याचा जीव असतो दोन जाड पिळांत. डावीकडे एक, उजवीकडे एक, माझ्या मांडीएवढे. त्या पिळांत दोन लाकडी हात अडकवलेले. हात मागे ओढले की पीळ आवळतात, सोडले की दगड सुटतो. हे पीळ बैलांच्या शिरांचे करतात. दहा वर्षं लढाई नाही, म्हणून शिरांचे दोर कोठारात पडून होते. मिर्तोने या वसंतात कोठार उघडलं तर उंदरांनी एक वीत सलग दोर ठेवला नव्हता.

लोकांना कळलं असतं तर धीर सुटला असता, म्हणून बापलेक गप्प राहिले. शिरांच्या जागी केस चालतात, असं बातोसने कुणाकडून तरी ऐकलं होतं. खात्री करायला हातभर नमुना करून बघायचा होता. मिर्तोने कात्री घेतली आणि स्वतःच्या मानेपाशी लावली. एवढंच, ताई. आणि मी तिला विहिरीवर, चार बायकांच्या देखत... जाऊ दे.

नमुना शिरांपेक्षा चांगला निघाला. मग बातोसने नगरसभेला खरं सांगितलं. बायकांना देवळात बोलावलं. पुजारीणबाई सत्तरीच्या, काठी आपटत उठल्या. "केस देवीचे आहेत. दगड फेकायला नाहीत." मग त्याच खाली पायरीवर बसल्या, डोक्यावरचा शेला काढला आणि म्हणाल्या, "देवीला मी सांगते थांबायला. माझे आधी घ्या. पांढरे आहेत, पण खोटे नाहीत."

दोन दिवस कात्र्या चालल्या. चारशेवर बायका. काळे, पिंगट, पांढरे, मेंदीने रंगवलेले, सगळे एकत्र पिळून तेलात बुडवून दोर केले. बायका बाहेर पडताना एकमेकींच्या डोक्याकडे बघून हसत होत्या. एक म्हणाली, "अगं तुझे कान एवढे मोठे आहेत?" दुसरी म्हणाली, "नवऱ्याला आज कळेल, बारा वर्षं त्याने कुणाशी संसार केला." मी दारात उभा होतो. मला हसू येईना. एवढं मोठं काही मी आजवर बघितलं नाही. यंत्राला त्यांनी नाव ठेवलंय, वेणी.

आणि पलीकडे राजा काय करतोय ते सांगतो. चाकांवरचा बुरुज बांधतोय. काल नववा मजला चढला. आपल्या तटाच्या दीडपट उंच आहे. एकेक चाक दोन पुरुष उंच, सगळं ओल्या कातड्यांनी मढवलेलं, प्रत्येक मजल्यावर खिडक्या आणि खिडक्यांत धनुर्धारी. आतून शेकडो माणसं ढकलतात. तो आपल्या मधल्या दाराकडे येणार, कारण त्यांनी मातीचा सपाट रस्ता तिकडेच करत आणलाय. गावात त्याला 'सासूबाई' म्हणतात. येणार येणार म्हणून धाक, आणि एकदा आल्या की हलायच्या नाहीत. दिवसा विनोद करतात. पण उन्हं कलली की त्याची सावली मैदान ओलांडत तटाच्या पायथ्याशी येते, तेव्हा कुणी बोलत नाही. मीही बोललो नाही. भीतीनेच नाही, ताई. माणसांनी हे हातांनी बांधलं, हे डोक्यात मावतच नव्हतं.

त्याला अडवायला फक्त वेणी आहे. आणि वेणी लावायचं काम माझ्याकडे आलंय.

लावायचं म्हणजे सुरात. दोन्ही पीळ अगदी सारखे आवळलेले हवेत. एक जरा ढिला असला तर दगड तिरका जातो. पीळ मुठीने छेडायचा आणि ऐकायचं, दोन्हींचा सूर एक आला की झालं. पूर्वी बातोस हे कानाने करायचा. कान गेल्यावर मिर्तो करत होती, लहान यंत्रांपुरतं. एवढे जाड पीळ तिलाही नवे. मी छाती पुढे काढून म्हटलं, मी ऱ्होड्सला शिकलोय, गुरुजी एवेनोर. परवा मी लावलं, मी हात वर केला, सोडलं. दगड डावीकडे गेला आणि आपल्याच तटाचा कोपरा घेऊन गेला. खाली कुणी नव्हतं, देवीची कृपा. बातोस काही बोलला नाही. मिर्तोसुद्धा नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

ताई, बारीक तारेचा सूर मला झोपेत कळतो. हे पीळ गुणगुणत नाहीत, हंबरतात. एका आवाजात दहा आवाज. कुठला धरायचा? हे तिसऱ्या वर्षात शिकवतात, मला माहीत आहे, कारण वरच्या वर्गातली मुलं दोरखंड घेऊन बसायची आणि आम्ही त्यांना खलाशी म्हणून चिडवायचो.

तू गुरुजींकडे जा. मी लिहिलं तर ते पत्र उघडणार नाहीत. पाया पड, काही कर. फक्त एक विचार: दोन जाड पीळ एका सुरात आहेत हे कसं ओळखायचं?

रस्ता रोज वीस पावलं पुढे सरकतोय.

दामिस


ऱ्होड्स,
कडक उन्हाच्या महिन्यातली बारावी

दामिस,

गेले. पाया पडले. गुरुजी अंगणात बसून तुझीच फोडलेली एकतारी सरसाने चिकटवत होते. मी सगळं वाचून दाखवलं, तुझ्या शब्दांत. बैलांच्या शिरा, उंदीर, केस, दगड, कोपरा. केसांचं आलं तेव्हा त्यांचे हात थांबले. मग उठले, आत गेले, मला वाटलं ग्रंथ आणतात. आले ते हातात एक गव्हाची काडी घेऊन. वाळकी, बोटाएवढी. माझ्या तळहातावर ठेवली.

मी म्हटलं, "गुरुजी, उत्तर?"

म्हणाले, "हेच."

मी म्हटलं, "काही लिहून द्या."

म्हणाले, "लिहिलेलं तो कधी वाचत नाही. जे वाचून सोडवायचं ते आपटतो. हे आपटलं तरी मोडणार नाही, फार हलकं आहे." आणि पुन्हा सरस लावायला बसले.

दामिस, मला अशी चीड आली! माझा भाऊ मरणाच्या दारात आणि हा माणूस त्याची किंमत काडीएवढी करतो! मी दारातून वळून तेच बोलले. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. तू एकतारी फोडलीस ते बरं केलंस, असं आज पहिल्यांदा वाटलं.

काडी पाठवतेय, कारण दुसरं पाठवायला काही नाही. पत्राच्या घडीत आहे. रागाने फेकून देऊ नकोस, निदान चूल पेटव.

सोबत बरणी आहे. गेल्या वर्षीचे सुके अंजीर. एकट्याने खा, वाटत बसू नकोस, आणि लोकांसमोर उघडू नकोस.

ग्लाउको म्हणतो, राजाची जहाजं निघाली आहेत. यानंतर जाणं कठीण होईल. जमेल तेव्हा दोन ओळी पाठव. दोनच पुरतील.

ताई


लिंथोस,
कडक उन्हाच्या महिन्यातली अठरावी

ताई,

ग्लाउको धक्क्यावर थांबलाय आणि शिव्या देतोय, म्हणून घाईत.

बरणीत अंजीर नव्हते.

मी झाकण काढलं आणि ओळखलं. त्यांत अजून तुझ्या तेलाचा वास होता. मी यंत्राच्या मागे जाऊन बसलो. मिर्तो आली, बरणीत बघितलं, शेजारी बसली. मग तिने ते उचलले आणि स्वतःच्या हातांनी उजव्या पिळात गुंफले. ताई, सगळे केस कापलेस? दाजी काय म्हणाले?

काडीचं सांगतो. मी घडी उघडली, काडी पडली, तुझं पत्र वाचलं आणि मीसुद्धा पेटलो. काडी मातीत फेकून म्हटलं, "हे बघ माझे गुरुजी! गाव जळतंय आणि त्यांना टोमणे सुचतायत!" बातोसला ऐकू येत नव्हतं, पण मी काय फेकलं ते दिसलं. त्याने वाकून काडी उचलली. उलटीसुलटी केली. माझ्याकडे बघितलं, काडीकडे बघितलं, मग वेणीकडे गेला आणि ती उजव्या पिळावर आडवी ठेवली. मला खुणेने सांगितलं, डावा छेड.

मी डावा छेडला. काही नाही. काडी पडून राहिली.

म्हाताऱ्याने पीळ आवळायची डावी खिट्टी एक दात फिरवली. पुन्हा खूण. छेडला. नाही. अजून एक दात. छेडला.

ताई, काडी उडाली.

उजव्याला कुणी हात लावला नव्हता. डावा वाजला आणि उजवा आपणहून थरथरला, कारण दोघांचा सूर एक झाला होता. छेडलेला पीळ हाक मारतो आणि जुळलेला पीळ ओ देतो. न जुळलेला ढिम्म बसतो. कानांची गरजच नाही! काडी सांगते. म्हातारा, ज्याला वर्षानुवर्षं एक आवाज ऐकू आला नाही, तो काडीकडे बघत हसत होता आणि त्याच्या दाढीत पाणी उतरत होतं. मिर्तो टाळ्या वाजवत होती. दोन वर्षं ज्या माणसाला मी कोरडा समजलो, त्याने बोटाएवढ्या काडीत हे सगळं घालून पाठवलं. बहिऱ्या म्हाताऱ्याचं तू वाचून दाखवलंस तेव्हाच त्यांनी ओळखलं असणार, की इथे डोळ्यांना दिसेल असं उत्तर हवं.

तू त्यांना जे बोललीस त्याची माफी माग. माझीही माग.

काल चाचणी केली. दगड सरळ गेला. रस्त्याच्या शेवटाला, दारापासून चाळीस पावलांवर, आम्ही खूण धरून ठेवलीय. सासूबाई तिथे आल्या की.

समुद्रावर शिडं दिसतायत. बरीच आहेत. ग्लाउको निघाला.

दामिस


ऱ्होड्स,
अंजीर पिकायच्या महिन्यातली दहावी

दामिस,

हे तिसरं पत्र. आधीची दोन चुलीत गेली, कारण ती न्यायला होडी नव्हती. हेही कदाचित जाईल.

माझं डोकं बघून शेजारणी रोज येतात. कापलेले केस म्हणजे घरात कुणी गेलं, असंच त्यांना वाटणार. "लहान होता गं," म्हणतात आणि माझा हात धरून रडतात. कुणी डाळीचं कालवण आणतं, कुणी मध. पहिले दोन दिवस मी सांगितलं, "गेला नाही, आहे." त्या एकमेकींकडे बघतात आणि आणखी मोठ्याने रडतात. आता मी सांगायचं सोडलंय. मध छान असतो.

केस कापले त्या दिवशी संध्याकाळी दाजींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "उद्यापासून पाणी कमी भरावं लागेल."

गुरुजींची माफी मागितली. म्हणाले, "एकतारी चिकटली. आवाज थोडा बदललाय, वाईट नाही."

दोन ओळी, दामिस. एकसुद्धा चालेल.

ताई


लिंथोस,
द्राक्षतोडणीच्या महिन्यातली विसावी

ताई,

आहे. आधी तेवढं वाच आणि शेजारणींचा मध परत करू नकोस.

तुझं पत्र ग्लाउकोने आज दिलं. राजाची जहाजं गेली, फौज गेली. कसं ते आता बसून सांगतो, कारण माझ्याकडे वेळच वेळ आहे.

या महिन्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी समुद्रावरून धुकं आलं. बुरुजावरून स्वतःचे पाय दिसेनात. मैदान नाही, रस्ता नाही, राजाचा बुरुज नाही. नुसतं पांढरं. पहारेकरी म्हणाले, आज काही होत नाही, हे धुकं त्यांनाही आंधळं करतंय. मिर्तो वेणीपाशी भाकरी खात होती. काडी रोजच्यासारखी उजव्या पिळावर पडलेली. ती एकदम उठली. "दामिस, तू छेडलंस?"

मी दहा पावलं लांब होतो.

काडी हलत होती. कुणी हात लावला नव्हता, आणि ती पिळावर अशी टुणटुणत होती, जसा तव्यावर दाणा. आम्ही तिघं बघत राहिलो. मग बातोसने बसून तळहात दगडाला लावला आणि वर बघितलं. ऐकू तर काहीच येत नव्हतं, त्यांनी चाकांना चरबी लावली असणार, माणसांच्या तोंडात बोळे दिले असणार. पण जमीन कुणाला गप्प करता येते? मिर्तो तटावरून ओरडली, "सासूबाई निघाल्या!"

आता नीट ऐक, इथेच सगळं अडलं. धुक्याने केस ओलावले होते. ओले केस सैल पडतात. दोन्ही पीळ उतरले होते आणि सारखे उतरले नव्हते. पुन्हा लावायला हवे होते, पण काडी तर आधीच नाचत होती! जमीन हलत असताना ती काय सांगणार? गुरुजींचं उत्तर नेमकं त्याच घटकेला मुकं झालं. काडी नाही आणि बाहेरून ऐकावं तर माणसांची धावपळ. मग मी यंत्राच्या मधल्या तुळईला कान लावला, घट्ट, दात लाकडावर टेकवले. तसं केल्यावर पिळांचा आवाज हाडांतून येतो, बाहेरचं काही येत नाही. बातोस खिट्ट्या फिरवत होता, मिर्तो सोडदोर धरून उभी. ठरलं असं, की सूर जुळला की मी हात वर करायचा, डोकं बाजूला घ्यायचं, मग ती ओढणार.

धुक्यात काहीतरी काळं व्हायला लागलं. वरपर्यंत. मी डोळे मिटले.

डावा छेडला. उजवा छेडला. दहा आवाज इकडे, दहा तिकडे, सगळे भांडणारे. एक दात. पुन्हा. अजून एक दात. मी एकतारी आठवली. अर्धा, तिसरा हिस्सा, चौथा. ताई, ते दहा आवाज तेच होते! ज्याला मी दोन वर्षं कंटाळलो, तेच एकेक वेगळे होऊन समोर आले, आणि मला त्यांची नावं माहीत होती. सर्वांत खालचा धरला. बातोसला बोटाने खूण केली, अर्धा दात.

आणि ते जुळलं.

कसं सांगू? चारशे बायका एकदम एका सुरात. पुजारीणबाईंचे पांढरे, मिर्तोचे, त्या मोठ्या कानांच्या बाईचे, तुझे. माझ्या दातांतून, कवटीतून, पाठीच्या कण्यातून तो सूर खाली उतरला. मी हात वर केला. एवढं बरोबर केलं.

डोकं बाजूला घ्यायचं राहिलं. मी ऐकतच राहिलो.

मिर्तोला धुक्यात फक्त हात दिसला. तिने ओढलं.

पुढचं मला इतरांनी सांगितलं. दगड पुढच्या उजव्या चाकावर बसला. चाक मोडलं, बुरुज पुढे झुकला, कातडी, खिडक्या, नऊ मजले, आणि तसाच थांबला. दुपारी धुकं उठलं तेव्हा तो दारापासून चाळीस पावलांवर उभा होता, कमरेत वाकलेला. तटावर सगळं गाव, मैदानात सगळी फौज, आणि कुणीच आरोळी दिली नाही. दोन्हीकडचे लोक नुसते बघत होते. तो हलेना आणि दाराकडचा रस्ताच त्याने अडवला, म्हणून पुढच्या बाराव्या दिवशी राजा त्याला तिथेच टाकून निघून गेला. मी त्याच्या आत जाऊन आलो. खालून वर बघितलं तर उन्हाचे पट्टे नऊ मजल्यांतून उतरत होते. ज्याने बांधला त्यालाही सोडून जाताना वाईट वाटलं असेल.

आता माझं. तुळईने झटका दिला तो डोक्यातून गेला. उजवा कान पूर्ण गेला, डावा जवळजवळ गेलाच. बाकी मी धडधाकट आहे, जेवतो वेळेवर. मिर्तो कितीतरी दिवस स्वतःला दोष देत होती. मी पाटीवर लिहून दाखवलं, "जे शेवटचं ऐकलं त्यात तू होतीस. आणखी काय हवं?" तिने पाटी घेतली आणि खाली लिहिलं, "अक्कल." सासरा बहिरा, जावई बहिरा. ती म्हणते, या घरात भांडायला लिहिता येणारी बायकोच लागते.

जावई म्हटलं ते वाचलंस ना? त्यातही एक घोळ झाला. लग्नाआधी देवीला बट वाहायची, आणि अख्ख्या लिंथोसमध्ये एकीलाही बट नाही! बारा मुलींची लग्नं अडली. बोटभर केसांची बट बांधायची कशी? मुली पुजारीणबाईंकडे गेल्या. त्या म्हणाल्या, "देवीला तुमचे आधीच पोचलेत. वेणी देवळात आणा."

परवा यंत्राचा सांगाडा सोडवून देवळाच्या अंगणात उभा केला, पीळ तसेच आवळलेले. बाराही लग्नं एकाच दिवशी. बायका भोवती जमल्या, सगळ्यांची डोकी बोटबोट केसांची, नुकत्या कातरलेल्या मेंढ्यांसारखी, आणि त्यांनी लग्नाचं गाणं सुरू केलं. मला त्यांची तोंडं उघडमिट होताना दिसत होती, बस. मी हसत उभा होतो, माणसं हसत होती म्हणून.

मिर्तोने माझा हात धरून मला वेणीपाशी नेलं. कमरेच्या पट्ट्यातून काडी काढली आणि उजव्या पिळावर ठेवली.

बायका गात होत्या आणि काडी नाचत होती. चढावर उंच, उतारावर हळू, आणि जिथे सगळ्यांनी मिळून सूर धरला तिथे ती पिळावरून उठलीच. अख्खं गाणं मी पाहिलं, ताई. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.

गुरुजींना नमस्कार सांग. आणि म्हणावं, काडी परत मिळणार नाही.

तुझा,
दामिस